वायर तुटली तर? घरी बांधलेल्या विमानाच्या वायरिंगचा अनुभव

मी सबमर्सिबल पंपांच्या मोटरी बांधतो. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात या कामाला खाडा नसतो. पाणी आठशे-हजार फुटांवर गेलेलं, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेजचा भरवसा नाही, आणि एक फेज गेला की रात्रीतून दोन-चार मोटरी जळून सकाळी दुकानासमोर हजर. माझ्याकडे विमानाच्या वायरिंगचं काम आलं ते गावातल्या एका काकाजींमुळे. वायुसेनेच्या नागपूरच्या मेंटेनन्स कमांडमधून निवृत्त होऊन ते गावी परतले आणि संत्रा पॅकिंगच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी विमान बांधायला घेतलं. पत्रा, रिव्हेट, कंट्रोलच्या केबली, इंजिन माउंट हे सगळं त्यांचं. वायरिंगची वेळ आली तेव्हा म्हणाले, "हे तू कर राजा. तुले करंट समजते. विमान मी समजावून देतो."

विमान म्हणजे झेनिथ कंपनीचं सीएच ७०१. ख्रिस हाइन्ट्झ या अभियंत्याने १९८०च्या दशकात आखलेलं, दोन माणसांचं, वरच्या पंखाचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. भारतात ते अगदी अनोळखी नाही, एनसीसीच्या एअर विंगनेही याच जातीची मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकी विमानं, वापरली आहेत. इंजिन रोटॅक्स ९१२, ८० हॉर्सपॉवरचं. काकाजींच्या कपाटात अमोल यादव यांच्या बातम्यांची कात्रणं जपून ठेवलेली आहेत. यादवांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ साली डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, त्याची नोंदणी मिळवली. "मुंबईच्या गच्चीवर होते, त आपल्या शेडात कायले नाई होत?" एवढंच काकाजींचं म्हणणं.

पहिल्या बैठकीला मी वही उघडून बॅटरी, स्विच, फ्यूज असं चित्र काढायला लागलो. त्यांनी वही मिटवली. "चित्र मागून काढ. आधी हे सांग, कोणती वस्तू बंद पडली त वरचा माणूस अडचणीत येते?" पुढचं सगळं काम या प्रश्नावर उभं राहिलं. पंपाच्या धंद्यात आम्ही वस्तू बंद पडू नये म्हणून झटतो आणि पडली की दुरुस्त करतो. इथे प्रत्येक वस्तू कधीतरी बंद पडणारच असं धरून चालायचं आणि ती पडल्यावर उरलेल्या वस्तूंवर विमान निवांत खाली उतरेल अशी मांडणी करायची.

म्हणून सुरुवात इंजिनापासून. रोटॅक्स ९१२ ला पेट्रोल पोचवणारा मुख्य पंप इंजिनावरच चालतो, त्याला वीज लागत नाही. ठिणगीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत आणि दोघींना वीज इंजिनाच्याच स्टेटरवरच्या (जनरेटरच्या न फिरणाऱ्या भागावरच्या) आपापल्या कॉइलमधून मिळते. बॅटरी काढून फेकली तरी चालू इंजिन चालूच राहतं. बॅटरी लागते ती सुरू करताना. क्रँक मिनिटाला साधारण २२० फेरे घेईपर्यंत ठिणगीच पडत नाही, त्यामुळे मरगळलेल्या बॅटरीवर स्टार्टर नुसता गुरगुरतो. म्हणजे हवेत सगळी वीज गेली तरी पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरत राहणार. हे कळल्यावर माझ्या छातीवरचं दडपण बरंच उतरलं.

पण त्याच इग्निशनमध्ये एक गोष्ट आमच्या धंद्याच्या बरोबर उलटी आहे आणि ती प्रत्येकाने नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पंपाच्या स्टार्टरची वायर तुटली की मोटर बंद होते. इथे इग्निशन बंद करायचं तर त्याची वायर बॉडीला टेकवावी लागते. स्विच 'बंद' म्हणजे वायर बॉडीला जोडलेली, स्विच 'चालू' म्हणजे वायर मोकळी. ती वायर कुठेही तुटली तर इग्निशन कायम चालू. चावी काढलेली आहे, स्विच खाली आहे, आणि कोणी हाताने पंखा फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं. हवेतल्या माणसासाठी ही सुरक्षित बाजू आहे, कारण वायर तुटल्याने इंजिन थांबत नाही. जमिनीवरच्या माणसासाठी हीच जिवावरची बाजू. म्हणून त्या दोन वायरी शील्ड, म्हणजे धातूच्या जाळीचं कवच, असलेल्या घेतल्या, दोन वेगळ्या वाटांनी नेल्या, आणि इंजिन बंद करताना प्रत्येक वेळी दोन्ही स्विच एकेक करून तपासायचं काकाजींनी चेकलिस्टमध्ये घातलं. शेडमध्ये येणाऱ्या पोरासोरांना एकच ताकीद आहे, पंख्याला हात लावायचा नाही.

मग विजेचा जमाखर्च मांडला. इंजिनावरचा जनरेटर ५८०० फेऱ्यांना २५० वॅट देतो, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे १८ अँपिअर. फेरे कमी झाले की तेही कमी. खर्चाच्या बाजूला रेडिओ ऐकताना ०.४ आणि बोलताना २ अँपिअर, उड्डाणाची माहिती दाखवणारा स्क्रीन ०.८, इंजिन मॉनिटर ०.३, रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपाँडर ०.७, पंखांवरचे एलईडी दिवे २, लँडिंग लाइट २, विजेवरचा जोडीचा पेट्रोल पंप १.२, मोबाइल चार्जर १. आणि एक खर्च असा की जो यादीत सहसा कोणी लिहीत नाही, मास्टर कॉन्टॅक्टरची, म्हणजे बॅटरी जोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल. बॅटरी जोडून ठेवण्यासाठी ही कॉइल सतत ०.८ अँपिअर खात बसते. सगळं मिळून ११ च्या आत. जमा १८, खर्च ११, त्यामुळे चालू जनरेटरवर चिंता नाही. प्रश्न जनरेटर गेल्यावरचा.

काकाजींचा पुण्याचा भाचा गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याने फोनवर दोन बॅटऱ्या, दोन रेग्युलेटर आणि आपोआप बदलणारा रिले सुचवला. माझाही ओढा तिकडेच होता, कारण आमच्याकडे मोटरीला ऑटोस्विच लावल्याशिवाय शेतकऱ्याला झोप लागत नाही. काकाजींनी कागदावर त्याचं वजन मांडलं. दुसरी बॅटरी सहा किलो, तिची जाड केबल, तिचा कॉन्टॅक्टर, आणि प्रत्येक नव्या जोडासोबत सैल होऊ शकणारी एक नवी जागा. इतकं करून मिळतं काय? ज्या इंजिनाला मुळात वीज लागतच नाही, त्याच्यासाठी दुहेरी वीज. माझं मत तिथे पक्कं झालं. जनरेटर गेल्यावर खर्च कापायचा, जमा वाढवायची नाही.

त्यातून राखीव बस आली. बस म्हणजे फ्यूजची एक पट्टी, जिच्यातून सगळ्या उपकरणांना वीज वाटली जाते. आम्ही दोन केल्या. मुख्य बसवर दिवे, ट्रान्सपाँडर, चार्जर. राखीव बसवर रेडिओ, स्क्रीन, इंजिन मॉनिटर आणि जोडीचा पेट्रोल पंप. एरवी राखीव बसला वीज मुख्य बसमधून एका डायोडमार्गे मिळते. डायोड असल्यामुळे ती उलटी जाऊ शकत नाही. डायोड म्हणून २५ अँपिअरचा धातूच्या तळाचा ब्रिज रेक्टिफायर वापरला, जो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो आणि तो जरा गरम होतो, म्हणून पत्र्याला घट्ट आवळला. राखीव बसला दुसरी वाट थेट बॅटरीवरून, स्वतंत्र स्विच आणि फ्यूज घेऊन. जनरेटर मेला की वैमानिकाने फक्त दोन हालचाली करायच्या. राखीव बसचा स्विच वर, मास्टर खाली. मास्टर खाली गेला की मुख्य बस मेली आणि कॉन्टॅक्टरची ती ०.८ अँपिअर खाणारी कॉइलही सुटली. उरतात साधारण २ अँपिअर, मधूनमधून रेडिओवर बोलणं धरून. बॅटरी १८ अँपिअर-अवरची आहे, पण हिशेबात तिची निम्मीच ताकद धरली, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर म्हातारी होते. ९ भागिले २, साडेचार तास. टाकीतलं पेट्रोल त्याआधी संपेल. उतरताना पेट्रोल पंप चालू करावा लागला तरी तो काही मिनिटांचाच. वर्षातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवून तिची खरी ताकद मोजायची आणि निम्म्याच्या जवळ आली की बदलायची, हे वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

फ्यूजवर मात्र मला दुकानातल्या पोराशी बरंच बोलावं लागलं. आमच्याकडे डीपीवरचा फ्यूज उडाला की ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून टाकायची पद्धत आहे. रात्री तीनला लाइट येते, ओलिताची पाळी असते, लाइनमन सापडत नाही, शेतकरी दुसरं करेल काय? त्यामुळे फ्यूज म्हणजे मोटर वाचवायची वस्तू आणि अडचण झाली की जाड करायची वस्तू असं पोराच्या डोक्यात बसलेलं. विमानात फ्यूज वायर वाचवतो. रेडिओ जळला तर जळू द्या, पण त्याची वायर पेटून डॅशबोर्डमागे धूर झाला तर चार हजार फुटांवर खिडकी उघडून उडी मारता येत नाही.

तोंडी सांगून पटत नव्हतं म्हणून शेडच्या बाहेर करून दाखवलं. २२ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) साधी पीव्हीसी वायर हातभर घेतली, ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज मध्ये घातला आणि बॅटरीवर शॉर्ट केली. 'टिक' झालं, फ्यूज गेला, वायरला बोट लावलं तर थंड. मग फ्यूजच्या जागी जाड तार जोडून तेच केलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वायरीतून पांढरा धूर निघाला, पीव्हीसी थेंब-थेंब गळून खालच्या कडब्यावर पडलं, आतलं तांबं लाल झालं आणि तुटलं. धुराचा एक झोत पोराच्या तोंडावर आला आणि तो खोकत बाजूला झाला. नंतर बॅटरी चार्जरवरून २० अँपिअर सोडून दोन वायरी शेजारी शेजारी ठेवल्या. पीव्हीसी मऊ पडून नखाने सोलली जाऊ लागली. दुसरी होती ईटीएफई या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची, कलई केलेल्या तांब्याची, ती तापली पण तिचं आवरण जागचं हललं नाही. घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांची असते, ही १५० ची. नागपुरात सीताबर्डीला विचारून पाहिलं, नव्हती, शेवटी बंगळुरूहून मागवली. महाग आहे. पण पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

मग २२ गेजला ५ अँपिअर, २० गेजला साडेसात, १८ गेजला १० असे फ्यूज ठरले. हवेत फ्यूज बदलायचा नाही, तो वैमानिकाच्या हाताला येईल अशा जागीही ठेवलेला नाही. उडाला तर काहीतरी बिघडलं आहे, उतरून पाहायचं. कुठलाही एक फ्यूज गेला तरी विमान उतरवता येतं ना, हे प्रत्येक ओळीपुढे लिहून तपासलं.

जोडांचं काम हा माझा आवडता भाग. मोटरी बांधताना आम्ही सगळे जोड सोल्डर करतो. इथे लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या तुकड्यात, वायर दाबून क्रिम्प करायची, कारण सोल्डर वायरीत वर चढतो, तेवढा भाग कडक होतो, आणि इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी त्या कडेला तुटते. पक्कड किंवा हातोडीने दाबलेला लग चालत नाही, पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही असं रॅचेटचं क्रिम्पिंग टूल घेतलं. क्रिम्प चांगला झाला हे डोळ्याने कळत नाही. तो ओढून पाहावा लागतो. २२ गेजच्या जोडाने १५ पाउंड, म्हणजे ६.८ किलो ओढ सहन करायला हवी, २० गेजने १९ पाउंड, १८ गेजने ३८. एवढी ओढ मोजायला आमच्याकडे कापसाची गाठोडी तोलायचा स्प्रिंगचा काटा होताच. तो शेडच्या छताच्या कैचीला टांगला, खाली नमुन्याचा लग अडकवला आणि वायर हाताने खाली ओढत गेलो. पोर काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचत होतं. २० गेजचा नमुना साडेआठ पार करून बारापर्यंत गेला आणि शेवटी तुटला तो वायरीतून, लगमधून निसटला नाही. नवा लग, नवी वायर किंवा क्रिम्पिंग टूलची नवी डाय (दाबणारा साचा) वापरायची झाली की आधी काट्यावर नमुना, मग विमानावर काम.

अर्थिंगची कल्पनाही बदलावी लागली. आम्ही खड्डा खणतो, मीठ-कोळसा भरतो, पाणी टाकतो. विमानाला जमीनच नाही. जो करंट बॅटरीतून निघाला तो बॅटरीच्या निगेटिव्हला परतला पाहिजे, एवढंच. पत्र्याचं विमान आहे म्हटल्यावर कुठेही बोल्ट मारून निगेटिव्ह घ्यायचा मोह होतो, पण मग दिव्यांचा करंट आणि रेडिओचा करंट एकाच पत्र्यातून वाट काढतात आणि हेडसेटमध्ये कुरकुर ऐकू येते. आम्ही फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, पितळेचा एकच बोल्ट घेतला. त्याच्या इंजिनाकडच्या बाजूला इंजिनाची पट्टी आणि बॅटरीची केबल, कॉकपिटच्या बाजूला सगळ्या उपकरणांचे निगेटिव्ह. हेडसेटचे जॅक फायबरच्या वॉशरने पत्र्यापासून वेगळे केले. इंजिन चालू असताना काकाजींनी हेडसेट कानाला लावला आणि काहीच बोलले नाहीत, मग हसले. आवाज स्वच्छ होता.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर उलटा डायोड लावणं मला आधीपासून माहीत होतं. कॉइल सोडताना ती व्होल्टेजची उसळी मारते आणि तिचा स्पार्क स्विच खातो. १एन४००७ चा डायोड दोन रुपयांत मिळतो आणि स्विचचं आयुष्य वाढवतो.

सगळ्यात जास्त वेळ रेग्युलेटरला गेला. जनरेटरची एसी वीज डीसी करून १४ व्होल्टच्या आसपास धरणारी ही छोटी डबी, आणि तिचं अंग ८० अंशांच्या वर जाता कामा नये अशी रोटॅक्सची अट आहे. ही अट ऑस्ट्रियात बसून लिहिलेली. आमच्या शेडमध्ये मे महिन्यात काहीही न चालवता पत्र्याखाली हात ठेवता येत नाही. डबीला तीन मिलीमीटर ॲल्युमिनियमच्या प्लेटवर थर्मल पेस्ट लावून बसवलं आणि इंजिनाच्या नाकातून हवेचा एक पाइप थेट तिच्यावर सोडला. तिच्या 'सी' नावाच्या टर्मिनलवरून ती बॅटरीचं व्होल्टेज वाचते. ही वायर बारीक, लांब किंवा गंजलेल्या स्विचमधून नेली तर डबीला व्होल्टेज खोटंच कमी दिसतं आणि ती बॅटरीला जास्त दाबते. म्हणून ती वायर आखूड ठेवली आणि तिच्यावर दुसरं काहीही जोडलं नाही. डबीतून वीज बाहेर पडते त्या बाजूला रोटॅक्स सांगतं तो २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. आणि डबी फसून व्होल्टेज १६ च्या वर गेलं तर जनरेटरच्या एसी वायरीत बसवलेला रिले तो मार्ग तोडतो. हा रिले कामाच्या टेबलावर व्हेरिएबल सप्लाय लावून पुन्हा पुन्हा तोडून पाहिला, तेव्हाच विमानात गेला.

गेल्या जानेवारीत इंजिन चालवून चाचणी घेतली. शेपूट जाड दोराने ट्रॅक्टरला बांधलं, चाकांना ठोकळे लावले, आग विझवायचं सिलिंडर घेऊन पोर बाजूला उभं केलं. काकाजी आत, मी वही घेऊन खिडकीजवळ. इंजिन गरम झाल्यावर ४००० फेऱ्यांवर एकेक इग्निशन बंद करून पाहिलं. फेरे ३०० पेक्षा जास्त पडू नयेत आणि दोन्हींतला फरक ११५ च्या आत असावा, तसा तो होता. मग मुख्य परीक्षा. काकाजींनी राखीव बस वर केली, मास्टर खाली केला. दिवे गेले, ट्रान्सपाँडर गेला, रेडिओ आणि स्क्रीन पापणीही न लववता चालू राहिले, आणि इंजिनाला पत्ताही लागला नाही. त्यानंतर इंजिन थांबवून, वीज चालू ठेवून मी फ्यूज एकेक करून काढत गेलो आणि काकाजी आतून काय बंद झालं ते ओरडून सांगत गेले. प्रत्येक उत्तर वहीतल्या ओळीशी जुळलं.

ती वही आता विमानाचा भाग आहे. एका सर्किटला एक पान, वायरचा नंबर, गेज, लांबी, दोन्ही टोकं, फ्यूज, आणि 'ही तुटली तर' असा एक रकाना. तोच नंबर वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक स्लीव्हखाली छापलेला. डीजीसीएच्या परवानगीशिवाय काकाजी चाक जमिनीवरून उचलणार नाहीत, आणि तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने कुठल्याही वायरीवर बोट ठेवावं, पान उघडून उत्तर द्यायची माझी तयारी आहे.

एक काम बाकी आहे. जानेवारीत बाहेर २८ अंश असताना रेग्युलेटरचं अंग ५८ पर्यंत गेलं, म्हणजे ३० चा फरक. मे महिन्यात दुपारी ४६ धरलं तर ७६ होतात, आणि ८० च्या इतक्या जवळ मला ते चालणार नाही. म्हणून मेमध्ये भर दुपारी, सगळा लोड लावून, तीच चाचणी पुन्हा घ्यायची. ७० च्या वर गेलं तर हवेचा पाइप मोठा करायचा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर डबी फायरवॉलच्या आत, कॉकपिटच्या बाजूला आणायची. तिच्यासाठीचं ब्रॅकेट काकाजींनी आत्ताच वाकवून ठेवलं आहे.